दिवाळीला येते

दीपमालाच्या गावातून जपानला जाणारी ती पहिलीच, त्यामुळं गावानं काय करायचं ते केलंच. मुखेडच्या रस्त्याला फाट्यावर भलामोठा फ्लेक्स लागला. त्यावर दीपमालाचा बारावीतला दोन वेण्यांचा फोटो, तिच्या डोक्यावर ओळीनं शुभेच्छुकांची मुंडकी, अन् सगळ्यांच्या मागं चीनची भिंत. छापणाऱ्याला जपानचं चित्र सापडलं नाही का त्याला दोन्ही देश एकच वाटले, देव जाणे. नांदेडहून येताना एसटीच्या खिडकीतून दीपमालानं ते पाहिलं अन् तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण फ्लेक्सखाली तिचा बाप हनुमंतराव धुतलेली टोपी घालून उभा होता, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वाचायला लावत होता. त्याचं तोंड बघून तिनं भिंतीचा विषय काढलाच नाही.

वडिलांना ती दादा म्हणायची. दादांपासून तिनं काही लपवलेलं नव्हतं, हे आधीच सांगितलेलं बरं, कारण पुढं लपवायची पाळी आली. नांदेडात एम.एस्सी. करताना ती दर शनिवारी इंग्रजी बोलायच्या वर्गाला जायची. वर्ग सोबती विद्यार्थी मंडळाचा. मंडळ ख्रिस्ती लोकांचं. वर्ग संपला की लातूरहून येणारे दयानंद सर गिटार काढायचे, दोन गाणी व्हायची, प्रार्थना व्हायची. ज्याला बसायचं त्यानं बसावं, ज्याला जायचं त्यानं जावं. दीपमाला बसायची. गाणी तिला आवडायची, अन् तिथं तिच्या इंग्रजीला कुणी फिदीफिदी हसायचं नाही. खेड्यातून आलेल्या पोरीला ही काय लहान गोष्ट असते का?

"ते येशूवाले हायेत, दादा," तिनं पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं.

"मारतेत का? शिव्या देतेत?"

"न्हाई."

"मंग जा की. देवाचंच नाव घेऊन राहिलेत नव्हं?" दादांच्या लेखी विषय संपला. आई मात्र टिकली लावून जा म्हणाली, अन् दीपमाला टिकली लावून जायची. सरांनी कधी त्या टिकलीकडं बघितलंसुद्धा नाही.

दर उन्हाळ्यात मंडळ काही पोरापोरींना बाहेरगावी न्यायचं, त्याला समर मिशन म्हणायचे. त्या वर्षी जपान निघालं. काम सोपं होतं. विद्यापीठांच्या आवारात जायचं, कँटीनमध्ये बसायचं, तिथल्या मुलांशी ओळख करायची, इंग्रजी बोलायचं, संध्याकाळच्या गाण्याला बोलवायचं, अन् कुणी विचारलंच तर देवाविषयी सांगायचं. दीपमालाला देवाविषयी सांगायला काय येणार? पण माणसाला बोलतं करायला तिला येत होतं, अन् सरांनी तेवढ्यासाठीच तिला निवडलं.

जपानच्या उत्तरेकडच्या एका शहरातल्या त्या कँटीनमध्ये पहिले काही दिवस त्यांच्या टेबलाजवळ कुत्रं फिरकलं नाही. पोरं यायची, ताट घ्यायची, कानात तारा घालून खाली मान घालून जेवायची, ताट जागेवर ठेवायची, जायची. एवढी माणसं अन् एवढी शांतता. दीपमालाला तर जेवण जाईना. आपल्याकडं मर्तिकाच्या घरीसुद्धा याहून जास्त बोलतात, असं ती फोनवर आईला म्हणाली.

मग एके दिवशी बाकी टेबलं भरलेली होती म्हणून एक मुलगी त्यांच्या टेबलाच्या टोकाला येऊन बसली. नाव हितोमी, शिकत होती तिसऱ्या वर्षाला. समोर नुसता पांढरा भात. दीपमाला मुखेडची, तिला कुणी कोरडा भात खाताना बघवेल होय? तिनं घरून आणलेली शेंगदाण्याच्या चटणीची बरणी उघडली अन् विचारल्याबिगर चमचाभर चटणी त्या पोरीच्या भातावर टाकली. तिच्याबरोबर नांदेडहून आलेला सत्यम शेजारून कोपरानं ढोसायला लागला, कारण त्या देशात दुसऱ्याच्या ताटात असं कुणी काही टाकत नाही. हितोमी चटणीकडं बघत बसली. मग तिनं खाल्ली. नाकाडोळ्यातून पाणी आलं तिच्या, अन् डोळे पुसता पुसता ती हसली.

तिथून पुढं ती रोज यायला लागली. बोलायची कमी. दीपमाला फोनमध्ये मराठीत बोलायची, फोन ते जपानीत करून दाखवायचा, अन् हितोमी मान डोलवून म्हणायची, "हाय." काही विचारा, "हाय." दीपमालाला त्याची एवढी गंमत वाटली की तिनं लगेच दादांना कळवलं. "दादा, इथं समदे आपल्यावानीच बोलतेत. हाय म्हणतेत!" दादांनी ही बातमी गावभर केली. जपानात मुखेडची मराठी चालती म्हणून पारावर दोन दिवस चर्चा झाली.

शेवटच्या आठवड्यात हितोमी गाण्याच्या बैठकीला आली. दयानंद सरांनी तिला मऊ आवाजात विचारलं, देव तुझ्यावर प्रेम करतो, यावर तुझा विश्वास आहे का? हितोमी म्हणाली, "हाय." सरांचे डोळे भरून आले. दीपमालानं तिला मिठी मारली. तिकडचं हाय म्हणजे नुसतं 'ऐकलं' असंही असतं, होकार असेलच असं नाही, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं, अन् सांगितलं असतं तरी त्या दिवशी कुणी मनावर घेतलं नसतं.

निघायच्या दिवशी हितोमी स्टेशनवर आली. आता आपल्याकडं निघताना 'जाते' म्हणायची सोय नाही. 'जाते' म्हणालं की घरातलं माणूस चपापतं, "जाते काय गं, येते म्हण!" म्हणून उंबऱ्यावरून परत बोलावून दुरुस्ती करून घेतं. दीपमालाच्या तोंडून मराठीच निघालं. "येते हं मी."

हितोमीला कळलं नाही. तिनं फोनकडं बोट केलं. दीपमालानं 'येते' असं लिहिलं, फोननं त्याचं जपानी केलं, अन् ते भाषांतर इतकं बिनचूक होतं की त्यानंच घात केला. हितोमीनं ते वाचलं. पुन्हा वाचलं. मग इंग्रजीत विचारलं, "कधी?"

आपल्याकडं हा प्रश्न कुणी मनापासून विचारतं का? अन् विचारलाच, तर माणूस तोंडाला येईल तो सण सांगतं अन् पिशवी उचलतं. दीपमाला म्हणाली, "दिवाळीला." दिव्यांचा सण, असंही तिनं समजावून सांगितलं. हितोमीनं तिथल्या तिथं फोनमध्ये दिवाळी शोधली, तारीख काढली, कॅलेंडरात खूण केली. दीपमालाला तिची ती धडपड बघून माया आली. ती बया हे एवढं धरून बसेल, असं तिच्या ध्यानीमनीही नव्हतं.

नांदेडला आल्यावर हितोमीचे संदेश यायला लागले. फोन त्याचं जे मराठी करायचा ते शाळेच्या पुस्तकातल्यासारखं असायचं. 'दिवाळीच्या सुमारास येथे थंडी असते. कृपया जाड कोट आणावा.' मग, 'आपणास मासे चालतात काय?' मग, 'मी खोली स्वच्छ करीत आहे.' दीपमाला अन् तिची खोलीतली मैत्रीण सृष्टी ते वाचून हसून हसून लोटपोट व्हायच्या. "अगं, ही तर खरंच वाट बघून राहिली की!" सृष्टी म्हणायची. दीपमाला फोनवरून चार लाल बदाम पाठवून द्यायची. खरं सांगावं असं तिला वाटलं नाही असं नाही. पण सांगणार काय? आमच्यात 'येते' म्हणजे 'जाते' असतं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं? राहू दे, विसरेल, असं म्हणून तिनं ते पुढं ढकललं.

पोळ्याला ती गावाकडं आली होती. दादा अंगणात बैलांच्या खांद्याला हळद अन् तूप चोळत होते. तेवढ्यात संदेश आला. 'मी जून महिन्यात संपणार होते. आपली भेट झाली. म्हणून दिवाळीपर्यंत थांबले आहे. आपण आल्यावर मला धीर येईल असे वाटते.'

दीपमालाला आधी उमगलंच नाही. तिनं लिहिलं, काय संपणार होतं? कॉलेज?

उत्तर आलं. 'नाही. मी.'

ती तशीच उंबऱ्यावर बसली. बैलाच्या खांद्यावरचा हात न काढता दादांनी विचारलं, "काय झालं गं माय?" अन् दीपमालानं सगळं सांगितलं, स्टेशनापासून खोली झाडण्यापर्यंत. सांगता सांगता तिला रडू फुटलं. आपण एका पोरीला मरणाच्या दारातून परत बोलावलं, अन् तेही खोटं बोलून, असं ती म्हणाली.

"खोटं कुठं बोललीस?" दादा म्हणाले. "येते म्हणलीस. आपण दुसरं काय म्हणतो?"

"पर तिला ते खरं वाटलंय ना, दादा! मी कुठून जाऊ जपानला? अन् गेले न्हाई तर ती..."

"जायचं कोण म्हणतंय? येते म्हणायचं. दिवाळी आली की संक्रांतीला येते म्हण. संक्रांत झाली की पाडव्याला. मध्ये पेपर हायेत म्हण, आई आजारी हाय म्हण. येतच राहा. पोरगी तोवर जगंल का न्हाई?"

"कवापर्यंत?"

दादांनी हात धोतराला पुसले अन् तिच्याजवळ येऊन बसले. "शेजारचा मल्लेश म्हातारा हाय ना? त्याची बायको लक्ष्मम्मा वारली तवा तू लहान होतीस. त्याचं काही खरं नव्हतं. विहिरीकडं बघत बसायचा. मी रोज संध्याकाळी त्याला म्हणायचो, सकाळी येतो रे, चहा ठेव. कधी जायचो, कधी न्हाई जमायचं. दुसऱ्या दिवशी शिव्या द्यायचा मला, चहा आटला म्हणून. पर शिव्या द्यायला जिता असायचा. आता बघ, नातवाच्या लग्नात नाचून आला." ते थोडं हसले. दीपमालाला हसू आलं नाही, पण छातीवरचा धोंडा जरा सरकला.

त्या दिवशी तिनं हितोमीला लिहिलं, येते. नक्की येते. तू फक्त जेवत जा. अन् पुढं रोज काही ना काही लिहीत राहिली. हितोमी भाताचा फोटो पाठवायची, भातावर काहीतरी लालभडक. मिळाली तसली चटणी, म्हणायची, आपल्या चटणीसारखी नाही. हे असं चाललं, अन् खरं सांगायचं तर बरं चाललं होतं.

पण दीपमालाचं मन खाऊ लागलं. दादांचं ठीक होतं, मल्लेशच्या घरी जायला दोन ढांगा. इथं मध्ये समुद्र. ती अंघोळीला गेली तरी फोन न्यायची, वर्गात सर शिकवायचे अन् तिच्या डोक्यात दिवाळीची तारीख. त्या दिवशी ती पोरगी दार उघडून बसेल अन् कुणी येणार नाही, तेव्हा काय? एका माणसाचा जीव आपल्या जिभेवर टांगलाय, या विचारानं तिला घास गिळेना. अन् एवढं ओझं तिला एकटीला पेलवणारं नव्हतं, यात तिचा काय दोष?

लातूरला मंडळाची मोठी सभा होती. उन्हाळ्यात गेलेल्या मुलांनी तिथं आपापले अनुभव सांगायचे, अन् दीपमालानं हितोमीचं सांगायचं, असं दयानंद सरांनी आधीच ठरवलं होतं. ती नांदेडहून सकाळच्या गाडीनं लातूरला गेली, सभा सुरू व्हायच्या आत सरांना हॉलच्या मागच्या खोलीत गाठलं अन् सगळं ओतलं.

सर भले माणूस. त्यांनी तिथूनच त्या शहरातल्या मंडळाच्या ओळखीच्या बाईंना फोन लावला. बाई तासाभरात हितोमीच्या खोलीवर जाऊन आल्या. हितोमीनं दार उघडलं, हसली, चहा दिला, मी अगदी बरी आहे म्हणाली. खोली आरशासारखी लखलखीत होती, असं बाईंनी कळवलं. सरांना हायसं वाटलं.

"देवाची कृपा," ते म्हणाले. "बाई आता तिच्याकडं जात राहतील. पण दीपमाला, तू तिला खरं सांगायला हवं."

"सर, ती दिवाळीसाठी थांबलीय."

"म्हणूनच. ती तुझ्यासाठी थांबलीय, अन् तू जाणार नाहीस. आज सांगितलंस तर आपण सगळे तिच्या आजूबाजूला आहोत. त्या दिवशी कळलं तर? खोट्यावर माणूस किती दिवस उभा राहतो? तू तिची मैत्रीण आहेस ना?"

दीपमालाला दादा आठवले. पण सरांपुढं मल्लेशच्या चहाची गोष्ट सांगायची तिला लाज वाटली. सर शिकलेले, जग फिरलेले, रोज दोनदा प्रार्थना करणारे, अन् दादा सातवी नापास. शिवाय खरं सांगून मोकळं व्हावं, हे तिला स्वतःलाच किती दिवसांपासून हवं होतं! सरांनी फक्त परवानगी दिली. दोघांनी मिळून मजकूर लिहिला. मऊ लिहिला, जपून लिहिला. 'मी दिवाळीला येऊ शकत नाही. येते म्हणणे ही आमच्याकडील निरोप घेण्याची पद्धत आहे. तुला चुकीचे समजले, त्याबद्दल क्षमस्व. पण तू एकटी नाहीस. देव तुझ्यासोबत आहे.' अन् त्या बाईंचा नंबर. दीपमालानं डोळे मिटून तो पाठवला.

मग सभा सुरू झाली. तिचं नाव पुकारलं. दीपमाला व्यासपीठावर उभी राहिली अन् तिनं पाठ केलेलं म्हणून टाकलं. एक मुलगी होती, कुणाशी बोलायची नाही, एकटी जेवायची, सरांनी विचारलं अन् ती हाय म्हणाली. हॉलभर टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या एका आजींनी पदर डोळ्याला लावला. टाळ्या चालू असतानाच हातातला फोन थरथरला, अन् दीपमालानं तिथंच, माईकसमोर, वाचलं. 'समजले. प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल आभार. आपण आपल्या प्रकृतीची काळजी घ्यावी.'

खाली उतरल्यावर तिनं सरांना ते दाखवलं. "बघ," सर म्हणाले, "किती समजूतदार आहे." दीपमालालाही ते पटलं. पटवून घेतलं तिनं. परतीच्या गाडीत खूप दिवसांनी तिला झोप लागली, अन् पुढं तिला कशाची लाज वाटली असेल तर त्या झोपेची.

त्यानंतर हितोमीचा संदेश आला नाही. दीपमालानं लिहिलेलं पोचेनासंही झालं. तिनं सरांना विचारलं, सर म्हणाले, रागावली असेल, वेळ दे तिला. बाई दोनदा तिच्या दाराशी जाऊन आल्या, दार उघडलं नाही, परीक्षा असेल म्हणाल्या. विद्यापीठानं बाहेरच्या माणसाला काही सांगितलं नाही. दीपमाला रोज फोन उघडायची, बंद करायची. सृष्टीनं एकदा हसत हसत विचारलं, तुझ्या जपानच्या पोरीनं गादी घातली का नाही अजून, अन् दीपमाला तिच्या अंगावर अशी ओरडली की दोघी दोन दिवस बोलल्या नाहीत.

दिवाळीला ती गावाकडं गेली. दादांनी आल्या आल्या विचारलं, "संक्रांतीचं सांगितलंस का तिला?"

"हाव," दीपमाला म्हणाली. बापाशी ती आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलली, अन् दादा खूश होऊन आकाशकंदील टांगायला गेले.

भाऊबीज झाली अन् दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबरावरून संदेश आला. आई भांडी घासत होती, दादा ओसरीवर आडवे झाले होते. दीपमाला आतल्या खोलीत गेली अन् दाराला टेकून वाचायला लागली.

'मी हितोमीची आई आहे. ज्या बाई तिच्या खोलीवर आल्या होत्या, त्यांच्याकडून आपला क्रमांक मिळाला. आपणास कळवावयास उशीर झाला, क्षमा असावी. हितोमी गेल्या महिन्यात वारली. तिने स्वतःच आपले जीवन संपवले.'

दीपमाला खाली बसली. फोनवर अजून ओळी उमटत होत्या.

'उन्हाळा संपता संपता मी तिला भेटावयास गेले होते. भारतातील मैत्रीण दिवाळीला येणार आहे, असे तिने सांगितले. आम्ही दोघींनी जाऊन पाहुण्यासाठी नवे अंथरूण आणले. इतक्या वर्षांत मी तिला तसे बोलताना पाहिले नव्हते. ती बरी झाली असे मला वाटले, म्हणून मी परत आले.'

अन् त्याखाली.

'तिने जाण्यापूर्वी स्वतःचा फोन रिकामा करून ठेवला. त्यामुळे आम्हास काहीच कळले नाही. वडील म्हणतात, मैत्रीण वगैरे कोणी नव्हते, ते तिचे मनाचे खेळ होते. मला एवढेच विचारायचे आहे. आपण खरोखर येणार होता काय?'

दीपमालानं तोंडात ओढणीचा बोळा कोंबला, बाहेर दादांना ऐकू जाऊ नये म्हणून. मीच मारलं तिला. मी मारलं. खरं बोलून मारलं, देवा, अन् ते खरं तिला कशाला पाहिजे होतं? ते मला पाहिजे होतं, मला झोप लागावी म्हणून! दादांनी वाट दाखवली होती, सोपी, पायाखालची, अन् मला त्या वाटेची लाज वाटली. तिचं मन असं आतल्या आत आक्रोश करत होतं अन् फोनवर तो प्रश्न तसाच उभा होता.

आता काय सांगावं या माउलीला? सरांनी सांगितलं असतं, खरं सांग. खरं सांगायचं म्हणजे काय सांगायचं? मी येणार नव्हते, ती नुसती बोलायची रीत होती, अन् तसं मी तिला कळवलं, अन् मग तुमची पोरगी गेली, हे? त्या बाईनं हे ऐकून पुढं काय करायचं? दीपमालाला पुन्हा ते जमणार नव्हतं. निदान ही बाई तरी जगू दे. तिनं डोळे पुसले अन् दादांनी सांगितलं असतं तसंच केलं.

'हो,' तिनं लिहिलं. 'मी खरंच येणार होते. तिकीटसुद्धा काढलं होतं.'

बाहेर दादा उठले, खाकरले, "चहा टाक गं," असं आईला म्हणाले. मग उत्तर आलं.

'म्हणजे तिचा गैरसमज झाला. कोणी येणार नाही असे तिला वाटले असावे. आणखी थोडे दिवस थांबली असती तर आपण आला असता. एवढे सुद्धा तिला थांबता आले नाही. आम्हीच तिला नीट वाढवले नाही.'

दीपमाला झपाझप लिहायला लागली, नाही, तसं नाही, तिची काही चूक नव्हती, तुमची तर नव्हतीच. लिहिलं अन् पुसलं. चूक तिची नव्हती म्हणायचं तर कुणाची होती हे सांगावं लागणार होतं, अन् ते सांगायची वाट तिनं आत्ताच स्वतःच्या हातानं बंद केली होती. ती बोटं फोनवर तशीच धरून बसली असताना शेवटच्या ओळी आल्या.

'आपण एवढ्या दूरचे तिकीट काढलेत आणि ते वाया गेले. माझ्या मुलीने आपणास फार त्रास दिला. तिच्या वतीने मी आपली क्षमा मागते.'